उन्हाचा बंब

महिपतराव वाळुंजांनी रेल्वेच्या स्टोअर्स खात्यात बत्तीस वर्षं काढली, आणि त्या बत्तीस वर्षांत तीन कोटेशनं मागवल्याशिवाय साधी खिळ्यांची पुडीसुद्धा घेतली नाही. निवृत्त होऊन लोणावळ्याला भांगरवाडीत घर बांधलं तरी ती सवय गेली नाही. उशांचे अभ्रे शिवायचे तरी तीन शिंपी, कौलं चाळायची तरी तीन गवंडी. लग्नाच्या वेळीसुद्धा त्यांनी तीन मुली पाहिल्या होत्या, हे रतनबाईंना सासरी आल्यावर कळलं. त्यात आपला नंबर कशावरून लागला, हे विचारायचं मात्र त्यांनी जन्मभर टाळलं.

त्या साली, म्हणजे चौऱ्याहत्तर साली, दिवाळी झाली आणि रतनबाईंच्या गुडघ्यांनी संप पुकारला. डॉक्टर म्हणाले, "औषध देतो, पण खरं औषध म्हणजे कडकडीत पाणी. रोज दोन बादल्या गुडघ्यांवरून सोडा. नाही तर पुढच्या हिवाळ्यात काठी घ्यावी लागेल."

आता कडकडीत पाणी घरात नव्हतं असं नाही. मागच्या दारी तांब्याचा बंब रोज पहाटे पेटे. पण त्याची एक रांग ठरलेली होती. साडेपाचला महिपतराव. मग पुण्याची गाडी पकडायची म्हणून मुलगा सोपान. मग शाळेची पोरं. मग सून. सगळ्यांचे डबे, चहा, देवपूजा उरकून रतनबाईंचा नंबर दहाला लागायचा. तोवर बंबात राख असायची आणि पाण्यात नुसती आठवण. स्वतः एकटीसाठी बंब पुन्हा पेटवायचा, हे त्यांना कधी सुचलंच नव्हतं. घासलेट रेशनवर, लाकूड महाग. बाईमाणसाच्या गुडघ्यांसाठी कोण जाळणार?

महिपतरावांच्या मनातही गुडघे होतेच. पण त्यांचं मन नेहमी फायलीतून चालायचं. एका रविवारी वर्तमानपत्राची घडी घालत ते म्हणाले, "रतन, सूर्यावर पाणी तापतं."

"तापतंच की. अंगणात घागर विसरले तर तापते."

"तशी घागर नव्हे. शास्त्रीय. काळी पेटी, वर काच, आत पाणी. लाकूड नको, धूर नको, घासलेट नको. तुझ्या गुडघ्यांना दोन काय, चार बादल्या!"

रतनबाईंच्या हातातलं लाटणं थांबलं. लाकूड नाही, धूर नाही आणि पाणी मात्र कडकडीत! असं काही जगात असेल, तर ते आपल्या घरी आणि तेही आपल्यासाठी येईल, हे त्यांना खरं वाटेना. त्या रात्री स्वप्नात त्यांना गरम पाण्याचा ओढा दिसला. सकाळी मात्र महिपतरावांच्या टेबलावर कार्बन पेपर दिसला, आणि ओढा अजून लांब आहे हे त्यांनी ओळखलं.

महिपतरावांनी दोन पानी निविदा लिहिली होती. कलम एक, कामाचं वर्णन. कलम चार, दर सीलबंद पाकिटात द्यावेत. कलम सात, सोबत नमुना जोडणे आवश्यक. कलम नऊ, किमान तीन कोटेशनं आल्याशिवाय पाकिटं उघडली जाणार नाहीत. कलम दहा, सर्वांत कमी दर स्वीकारला जाईल. एक प्रत फायलीला, तीन प्रती टपालाने पुण्याच्या तीन कंपन्यांना, आणि एक सोसायटीच्या फळ्यावर.

फळ्यावरची प्रत शेजारच्या अंबाजी शेडग्यांनी वाचली. अंबाजी घाटात इंजिन चालवून निवृत्त झालेले. भांगरवाडीतल्या निवृत्त रेल्वे सेवकांच्या त्या सोसायटीचे सेक्रेटरीही तेच. कुंपणावरून डोकं काढून ते म्हणाले, "महिपतराव, लोणावळ्यात आणि सूर्य? अहो, तो इथं मुंबईकरांसारखा हवा खायला येतो. आला तर आला. त्याचं कायमचं बिऱ्हाड खाली तळेगावात. घोरावाडीला माझ्या मेव्हण्याच्या अंगणात बघा, ऊन नुसतं पडून असतं. तिथं पेटी ठेवा आणि लोकलनं पाणी आणवा."

"पावसाळ्याचे चार महिने सोडले तर इथं ऊन पुरेसं आहे," महिपतराव गंभीरपणे म्हणाले. "मी नोंद ठेवतोय." आणि खरंच, गेले आठ दिवस ते दर तासाला अंगणात जाऊन ऊन आहे की नाही ते वहीत लिहीत होते.

"बरं. हे मी शेजारी म्हणून बोललो," अंबाजी म्हणाले. "आता सेक्रेटरी म्हणून सांगतो. परवानगी लागेल." एवढं बोलून ते घरात गेले आणि टोपी घालून बाहेर आले. सेक्रेटरी म्हणून बोलताना ते टोपी घालत.

पाणी तापवण्याची सोय म्हणजे बंब, आणि बंबाचा सोसायटीचा छापील फॉर्म होता. अंबाजींनी ओट्यावर बसून तो भरायला घेतला.

"इंधन?"

"सूर्य."

"सूर्य," अंबाजींनी लिहिलं. "इंधन साठवण्याची जागा?"

महिपतराव विचारात पडले. खोटं लिहिणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "आकाश," ते म्हणाले.

"सोसायटीच्या हद्दीत आहे का?"

"थोडं आहे."

"धुराडं किती फूट?"

"धूरच नाही."

"धूर नसेना का. धुराडं किती फूट? रकाना रिकामा सोडता येत नाही."

रतनबाई चहा घेऊन आल्या तेव्हा दोघेही नसलेल्या धुराच्या नसलेल्या धुराड्याची उंची ठरवत होते. शेवटी 'शून्य फूट, पक्क्या विटांचे' असं लिहून दोघांचं समाधान झालं.

पुण्याच्या तीन कंपन्यांपैकी दोघींनी उत्तरच दिलं नाही. तिसरीने एक माणूस पाठवला. गळ्यात टाय, हातात टेप. त्याने घर मापलं, न्हाणीघर मापलं, रतनबाईंच्या हातच्या सहा बशा कांदेपोहेही मापून खाल्ले आणि निघताना विचारलं, "इथं धुकं फार असतं का हो?" आठवड्याने कंपनीचं जाड पाकीट आलं. महिपतरावांनी ते न उघडता कपाटात ठेवलं. नियम म्हणजे नियम.

दुसरं पाकीट आणायला रतनबाई स्वतः बाजारात गेल्या. बजरंग पत्रेवाला चिक्कीच्या दुकानांना डबे करून देई, बंबांना डाग देई, आणि लोणावळ्यात पत्र्याचं म्हणून जे जे वाजे ते बहुतेक त्याच्याच हातचं असे. रतनबाईंनी त्याला काळी पेटी समजावून सांगितली. त्याने विडी विझवली.

"म्हंजे डबाच की मावशी. काळा, चपटा. भवतीनं भाताचा तूस ठासायचा, म्हंजे ऊब बाहीर जायाची न्हाई. वर काच. करतो की."

"दर लिहून द्यावा लागेल. पाकिटात. आणि नमुना."

"लिवायचं? मावशी, उभ्या जल्मात मी लिवलं न्हाई. तोंडानं सांगतो, तुमी भाऊंस्नी सांगा."

"तोंडी चालत नाही रे."

मग दुकानाच्या फळीवर बसून बजरंगाचं कोटेशन रतनबाईंनीच लिहिलं, बजरंगाने अंगठा दिला, आणि घरी येऊन भाताच्या शितांनी त्यांनी पाकीट चिकटवलं. रात्री महिपतरावांनी ते दिव्यासमोर धरून पाहिलं. "अक्षर चांगलं आहे पत्रेवाल्याचं," ते म्हणाले. रतनबाई भांडी लावत राहिल्या.

दोन झाली. तिसरं येईना. कार्तिक गेला, मार्गशीर्ष आला. सकाळी नळाचं पाणी हाताला चावू लागलं. रतनबाई आता उंबरा ओलांडताना भिंतीला धरत. "अहो, दोनावर नाही का भागत?" त्यांनी एकदा विचारलं. महिपतरावांनी असं पाहिलं, की जणू रतनबाईंनी रेल्वेचे रूळच विकायला काढले होते.

मग रतनबाईंनीच एक शक्कल काढली, आणि तिथेच त्या चुकल्या. दर बुधवारी राजमाचीच्या वाटेवरच्या वाडीतून हिरी लाकडाची मोळी घेऊन येई. चार कोस उतार, डोक्यावर ओलसर ओझं, कमरेला कोयती. रतनबाईंनी तिला मागच्या दारी बसवून विचारलं, "हिरे, हिवाळाभर आमचं पाणी तापवायला किती घेशील?"

"आता किती घेती? तेवडंच."

"तेवढंच कागदावर लिहू?"

"लिवा की. कागद जाळून पानी तापत असंल तर लिवाच," हिरी म्हणाली आणि हसताना पदर तोंडाला लावला. नमुना म्हणून तिने ऐनाचं एक देखणं, सरळ ढलपं निवडून बंबाशेजारी वेगळं ठेवलं. पाणी तापवायचा दर म्हणजे कोटेशनच झालं, असं म्हणून महिपतरावांनी तिसरं पाकीट दाखल करून घेतलं, आणि रविवारी दुपारी दोनला पाकिटं उघडण्याचं फळ्यावर जाहीर केलं.

रविवारी महिपतराव कोट घालून अंगणात खुर्चीवर बसले. साक्षीदार म्हणून अंबाजी, टोपीसह. पायरीवर बजरंग. त्याच्यापासून जरा अंतर राखून हिरी, कारण तिला तमाशा बघायचाच होता. अंगणाच्या मधोमध बजरंगाचा नमुना सकाळपासून ठेवलेला. चिक्कीचा चपटा डबा, काळा रंगवलेला, भोवती तूस, वर कुठल्याशा जुन्या तसबिरीची काच.

पहिलं पाकीट कंपनीचं. आकडा वाचून महिपतरावांनी चष्मा पुसला. अंबाजी म्हणाले, "त्यात तळेगावजवळ इंदुरीला एक विहीर होते, मोटेसकट." शेवटच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलं होतं की सूर्यप्रकाशाची हमी कंपनी घेत नाही.

दुसरं बजरंगाचं. रास्त.

तिसरं हिरीचं. महिपतरावांनी ते दोनदा वाचलं आणि त्यांचा चेहरा पडला. ते उभे राहिले.

"सर्वांत कमी दर हिरीचा. कलम दहाप्रमाणे काम हिरीला."

"कसलं काम?" हिरीने विचारलं.

"पाणी तापवण्याचं. लाकडावर."

दोन महिने, तीन पाकिटं, एक शून्य फुटी धुराडं, आणि सगळं फिरून परत त्याच बंबापाशी आलं होतं. अंबाजी हसू दाबायला टोपी काढून वारा घेऊ लागले. महिपतरावांना स्वतःलाही वाईट वाटत होतं, ते रतनबाईंना दिसत होतं. पण ज्या माणसाने बत्तीस वर्षं साहेबांच्या दट्ट्यापुढे कलम मोडलं नाही, तो बायकोच्या गुडघ्यांपुढे कसा मोडणार? रतनबाईंचे गुडघे उन्हातही गार पडले. तिसरं पाकीट आपणच आणलं होतं, आपल्याच हाताने लिहिलं होतं.

पण बत्तीस वर्षं स्टोअर्स खात्याशी संसार करून माणूस काही शिकतोच.

"अहो," त्या म्हणाल्या, "कलम सात काय आहे?"

"नमुना जोडणे आवश्यक."

"हिरीचा नमुना कुठाय?"

हिरी लगबगीने मागच्या दारी जाऊन आली. "हितंच ठिवलं व्हतं मावशी, बंबाजवळ. ऐनाचं. चांगलं हातभर."

महिपतराव एकदम खाली बघू लागले. मग प्रामाणिकपणे म्हणाले, "आज पहाटे बंब लवकर पेटत नव्हता."

"म्हणजे तुम्ही नमुना जाळलात?" अंबाजींनी टोपी परत घातली. "खात्याच्या ताब्यातला नमुना?"

"मग नमुन्याशिवाय टेंडर ग्राह्य धरतात का?" रतनबाईंनी विचारलं.

"नाही," महिपतराव हळूच म्हणाले. त्यांचा आवाज खाली गेला होता, पण चेहरा उजळला होता. "नाही धरत. अजिबात धरत नाही!"

"न्हाई तर न्हाई," हिरी म्हणाली. "चुलीला तर मोळी लागंलच की?"

"लागेल की गं. दर बुधवारी."

कंपनीचाही नमुना नव्हता. उरला बजरंग. महिपतराव रीतसर तपासणी करायला उठले, डब्यावरची काच सरकवली आणि पाण्यात बोट घातलं.

"आई गं!" म्हणून त्यांनी बोट तोंडात घातलं.

अंबाजींनीही बोट घालून बघितलं, त्यांनाही चटका बसला. मग सगळे त्या चिक्कीच्या डब्याभोवती वाकून उभे राहिले. खाली विस्तव नव्हता, कुठे धूर नव्हता, आवाज नव्हता. पौषाच्या तोंडावरच्या त्या गार वाऱ्यात डब्यातून बारीक वाफ वर जात होती. अंबाजी आयुष्यभर घाटात दोन-दोन इंजिनं जोडून गाड्या चढवलेला माणूस, पण त्यांनीही टोपी काढली आणि या वेळी वारा घेतला नाही. रतनबाईंना एकदम देवळात आल्यासारखं वाटलं. हे ऊन त्यांनी पन्नास वर्षं पापड वाळवायला वापरलं होतं. त्यात एवढं काही असेल, असा त्यांना कधी संशय आला नव्हता.

पुढच्या आठ दिवसांत बजरंगाने आठ बादल्यांची पेटी केली. न्हाणीघराच्या छपरावर ती बसवताना दक्षिण नेमकी कुठली यावर सोसायटीत तट पडले. अंबाजींनी घाटातला रूळ प्रमाण मानला, त्याच्या हिशेबाने दक्षिण टपाल कचेरीत येत होती. शेवटी बजरंगानेच अंगणात काठी रोवली आणि म्हणाला, "सावली सगळ्यांत आखूड झाली का बगा, ती दावील." सावलीने दाखवलं. रबरी नळीने पेटी भरली. खाली न्हाणीघरात नळाची पितळी चावी आली. महिपतरावांनी त्या चावीला सुतळी बांधून लाखेचं सील ठोकलं. "परवा पहाटे तपासणी. त्याआधी कुणीही हात लावायचा नाही."

दुसऱ्या दिवशी दिवसभर कडक ऊन पडलं. सगळं घर दर तासाला बाहेर येऊन पेटीकडे मान वर करून बघत होतं. पोरांनी पाटीवर 'तापतंय' असं लिहून दारात टांगलं. पण आंघोळ म्हणजे सकाळची, आणि पहिली आंघोळ महिपतरावांची, साडेपाचला. ती कधी बदलली नव्हती, त्यामुळे ती बदलता येते हेच कुणाच्या डोक्यात आलं नाही. सूर्याने दिवसभर मरमर करून पाणी तापवलं, आणि लोणावळ्याच्या थंडीने रात्रभर मन लावून ते गार केलं.

साडेपाचला महिपतराव आत गेले. बंब त्या दिवशी मुद्दाम पेटवला नव्हता. लाख फोडल्याचा आवाज आला. मंत्र सुरू झाले. मग तांब्याचा आवाज. आणि मग असा एक आवाज, की अंबाजींच्या घरात दिवा लागला आणि चार घरांपलीकडचं कुत्रं उठून बसलं.

महिपतरावांनी मात्र माघार घेतली नाही. त्याच बर्फासारख्या पाण्याने त्यांनी पूर्ण आंघोळ केली. बाहेर आले तेव्हा ओठ निळे होते. कुंपणावरून अंबाजींनी विचारलं, "काय हो, कसं काय आहे पाणी?"

"श-श-शास्त्रीय," महिपतराव म्हणाले आणि आत जाऊन दोन घोंगड्या घेऊन बसले. आठ वाजता दात थांबले तसा त्यांनी कागद घेतला: माल नामंजूर. पुरवठादाराने आज दुपारी तीन वाजता स्वखर्चाने काढून न्यावा.

रतनबाईंनी तो कागद वाचला. चिक्कीच्या डब्याची वाफ त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. "अहो, थोडं थांबून बघू या," त्या म्हणाल्या. पण घोंगड्यांमधून फक्त शिंक आली. तोवर सोपानला गाडी गाठायची म्हणून बंब पेटलाही होता. दहाला रतनबाईंनी नेहमीप्रमाणे उरलेल्या पाण्यात हातपाय बुडवले, आणि न्हाणीघराची पायरी त्यांना सुनेच्या खांद्यावर हात ठेवून चढावी लागली.

तीनला बजरंग शिडी घेऊन आला. बुधवार होता, हिरीही मोळी टाकून पाणी प्यायला टेकली होती.

"भाऊ, पयलं पानी सोडाय पायजे. भरल्याली पेटी उतरायची न्हाई," बजरंग म्हणाला आणि न्हाणीघरात जाऊन त्याने चावी फिरवली. लगेच उडी मारून बाहेर आला. "अगागागा! भाऊ, हात भाजला की!"

न्हाणीघराच्या दारातून वाफेचा लोट बाहेर आला. महिपतराव घोंगडीसकट उठले. सगळे आत डोकावले. चावीखालच्या बादलीत पाणी वाफाळत होतं, बादली भरून वाहायला लागली होती, आणि वरची पेटी अजून अर्धीसुद्धा रिकामी झाली नव्हती.

"आता हे मोरीत सोडायचं?" रतनबाईंनी विचारलं. कुणी उत्तर द्यायच्या आत त्यांनी सगळ्यांना बाहेर काढलं, आत गेल्या आणि कडी लावली.

दुपारी तीन वाजता आंघोळ! नवरी होऊन आल्यापासून त्यांनी असला थाट केला नव्हता. त्यांनी कढत पाण्यात विसणाचं गार पाणी घातलं, तांब्या भरला आणि गुडघ्यांवर ओतला. मग दुसरा. मग मोजणं सोडलं. मागे कुणी रांगेत नव्हतं, दार कुणी वाजवत नव्हतं, पाणी संपत नव्हतं. हाडांच्या आतपर्यंत काहीतरी सैल होत गेलं. वरून, छपरापलीकडून, कुणीतरी एवढ्या लांबून हे पाणी फक्त आपल्यासाठी तापवून पाठवतंय, असं त्यांना वाटलं आणि त्यांना एकटीलाच हसू आलं, मग रडूही आलं. दोन्ही त्या पाण्यात वाहून गेलं.

अर्ध्या तासाने कडी निघाली. रतनबाई बाहेर आल्या आणि न्हाणीघराची पायरी चढून अंगणात उभ्या राहिल्या. भिंतीला हात लावला नव्हता, हे त्यांच्या स्वतःच्याही लक्षात आलं नाही. महिपतरावांच्या आलं. ते कितीतरी वेळ बायकोच्या पायांकडे बघत राहिले. मग खिशातून तो कागद काढून, 'नामंजूर' खोडून त्यांनी नीट अक्षरात लिहिलं: तपासणीची वेळ चुकली होती. काम समाधानकारक. आणि खाली सही केली. बत्तीस वर्षांत चूक स्वतःची म्हणून त्यांनी ती पहिल्यांदाच लिहिली असेल.

"बजरंगा, शिडी घेऊन जा," ते म्हणाले. "माझ्यासाठी सकाळी बंब आहेच."

"हिरे," रतनबाईंनी हाक मारली, "ये आत. अजून चार बादल्या आहेत. माझी पाठ झाली, आता तुझी चोळते."

हिरी बिचकली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बंबांना लाकूड पुरवून तिने स्वतः नेहमी ओढ्यावरच आंघोळ केली होती. महिपतरावांकडे तिने एकदा पाहिलं. ते कागदात डोकं घालून बसले होते, म्हणजे हरकत नव्हती. ती दारापर्यंत आली, बादलीत हात घातला आणि तसाच ठेवला. मग मान वर करून तिने छपरावरच्या काळ्या पेटीकडे आणि तिच्याही वर, डोळे बारीक करून, पाहिलं.

"भाऊ," तिने विचारलं, "मी कमी सांगितलं, बजरंगानं त्यापरास जास्त, पुन्यावाल्यानं लय जास्त. पन तापवलं तर त्यानं. त्यानं किती सांगितलंन?"

महिपतरावांनी फाईल उघडली. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चाळली. मग चष्मा काढून तेही वर बघू लागले, डोळ्यांना पाणी येईपर्यंत.

"त्याच्याकडून मागवायचं राहिलंच," ते म्हणाले.